मुदत टळल्यानंतर

बँकेत असताना 'मुदत टळली' हे शब्द माझ्या रोजच्या कानावरचे होते. हप्ता ठरल्या तारखेला आला नाही की दुसऱ्या दिवसापासून खाते थकीत. 90 दिवस उलटले की अनुत्पादक. मधल्या काळात काय करावे हे ज्याला उमगते तो चांगला अधिकारी, अशी आमची समजूत होती. पेढीवरचा माणूस समोर येऊन बसे, हात जोडे आणि म्हणे, "मॅडम, दिवाळीपर्यंत थांबा." बहुधा मी थांबत असे. माणूस ओळखून मुदत वाढवून देण्यात माझा हात सैल होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

तो अभिमान 2018 च्या पर्युषणात उतरला.

त्या वर्षी माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी बार्शीला आमच्याकडे आली होती. डॉक्टरांनी तारीख दिली होती 28 ऑगस्ट. ही तारीख काढण्याची रीत मला फार आवडली, कारण ती सरळ वहीखात्याची रीत आहे. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्यात सात दिवस मिळवायचे आणि नऊ महिने पुढे जायचे. लेकीची पाळी 21 नोव्हेंबरची. सात मिळवून 28, आणि नऊ महिने पुढे ऑगस्ट. जर्मनीतील नेगेले नावाच्या प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने हा नियम दोनशे वर्षे चालत आला आहे. एकंदर दिवस 280. आपल्या घरांतून 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, आणि कल्पसूत्रात भगवान महावीरांचा गर्भकाळ नऊ महिने साडेसात दिवस सांगितला आहे. आषाढ शुद्ध 6 ला च्यवन, चैत्र शुद्ध 13 ला जन्म. तिथ्या मोजून पाहाव्यात, हिशेब चुकत नाही. अर्थात तेथील मोजणी च्यवनापासूनची आहे आणि डॉक्टरांची पाळीपासूनची, म्हणजे गर्भ राहण्याच्याही सुमारे दोन आठवडे आधीपासूनची. पण आकड्यांचे हे सख्य पाहून त्या वेळी मला मोठी गंमत वाटली होती.

मात्र एक गोष्ट त्या हिशेबात मी लक्षात घेतली नव्हती. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी मुले शंभरात जेमतेम चार-पाच असतात. 37 पूर्ण आठवड्यांपासून 42 आठवड्यांपर्यंतचा सगळा काळ 'पूर्ण दिवसांचा'च मानत आले आहेत. त्यातील 41 च्या पुढचे दिवस मात्र काळजीचे. आपण लोक तारीख ऐकतो आणि ती धनादेशावरच्या तारखेसारखी धरून बसतो.

28 ऑगस्ट आला आणि गेला. पुण्याहून विहीणबाईंचे, मालेगावहून चुलत सासूबाईंचे, कुणाकुणाचे फोन येऊ लागले. "काय, अजून नाही?" या एका प्रश्नाने लेक इतकी कंटाळली की तिने फोन घेणेच सोडले. 4 सप्टेंबरला 41 आठवडे पूर्ण झाले. आमच्या डॉक्टरबाईंनी तपासले आणि सांगितले, "उद्या भरती व्हा. कळा सुरू करण्याचे औषध देऊ."

मी विचारले, "काही बिघडले आहे का?"

"आज काही बिघडलेले नाही."

"मग थोडे थांबलो तर?"

त्यांनी समजावून सांगितले. दिवस उलटू लागले की वार जुनी होते, गर्भजल कमी होते, बाळ पोटातच शी करण्याची आणि ती त्याच्या श्वासात जाण्याची शक्यता वाढते. आजची तपासणी आजच्यापुरती. ती पुढच्या आठवड्याची हमी नव्हे. पण मी समोर बसलेल्या कर्जदाराच्या आविर्भावात चार दिवस मागितले. रोज येऊन बाळाचे ठोके तपासून घ्यायचे या अटीवर त्यांनी ते नाखुशीने दिले. चाराचे पुढे सहा झाले. दोन दिवस तपासणीला जाणेही राहिले.

थांबण्याची कारणे आमच्याकडे भरपूर होती. ही लेक स्वतः 1990 साली अकरा दिवस उशिरा, कोणत्याही औषधावाचून, सुखरूप जन्मली होती. माझ्या आईने तेव्हा "पिकले की फळ आपणच सुटते" असे म्हणून सगळ्यांना गप्प केले होते. तेच वाक्य मी आता म्हणत होते. माझ्या नणंदेने दुसरे कारण काढले. त्याच वर्षी ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाची बातमी वर्तमानपत्रांत गाजत होती. दूध सुटावे म्हणून म्हशींना ते टोचतात, त्याचा गैरवापर थांबावा म्हणून केंद्र सरकारने एप्रिलमध्ये खासगी कंपन्यांना ते तयार करण्यास मनाई केली होती. (दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबरात ती मनाई रद्द केली, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायलाही हेच औषध लागते, त्याचा तुटवडा परवडणारा नव्हता.) उपाश्रयात त्या क्रौर्याविषयी आपण सर्वांनीच ऐकले आहे. नणंद म्हणाली, "वहिनी, म्हशीला टोचतात तेच ना हे? आणि तेही पर्युषणात?" त्या प्रश्नापुढे मला बोलता आले नाही.

आणि एक कारण असे होते, जे मी कोणापाशीही बोलले नाही. ते पुढे येईल.

10 सप्टेंबरला उपाश्रयात महावीर जन्मवाचन होते. चौदा स्वप्ने उतरली, पाळणा झाला, नारळ फुटले, केशराचे थापे पाठीवर उमटले. त्याआधीच्या वाचनात तो प्रसंग येतो, जो मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत आले आहे. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ भगवंत निश्चल राहतात. आणि त्रिशला माता, गर्भ हलत नाही हे जाणवताच, शोकाने व्याकूळ होते. राजवाड्यातील गाणे-बजावणे थांबते. मग तिचे दुःख जाणून भगवंत किंचित हलतात. दरवर्षी मी या कथेत भगवंतांची करुणा ऐकत असे. त्या दिवशी प्रथमच मला त्रिशला मातेची भीती ऐकू आली. हालचाल थांबणे म्हणजे काय हे त्या माउलीला कोणत्याही यंत्रावाचून कळले होते.

खोबऱ्याचा तुकडा पदरात बांधून मी घरी आले. लेक पलंगावर डाव्या कुशीवर पडली होती. मी विचारले, "बाळ काय म्हणते आज?"

"झोपलंय वाटतं. सकाळपासून एकदाच हललं."

दुपारी दोनला आम्ही प्रसूतिगृहात होतो. गर्भजल फार कमी झाले होते. गर्भाशयमुख तयार नव्हते, म्हणून ते मऊ पडण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे जेल ठेवले; रात्री पुन्हा एकदा ठेवले. सकाळी सलाइनमधून ऑक्सिटोसिन सुरू झाले. पाणमोट फुटली तेव्हा पाणी हिरवे होते. पुढची धावपळ सविस्तर लिहिण्याचे मला आजही धैर्य नाही. बाळाचे ठोके उतरत होते, डॉक्टरबाईंनी व्हॅक्यूम लावून त्याला ओढून काढले, आणि 11 तारखेला दुपारी सव्वाचारला आमचा नातू जन्मला. तो रडला नाही. बंद दाराबाहेर मी नवकार म्हणत होते आणि माझी पदे चुकत होती. पन्नास-पंचावन्न वर्षे रोज म्हटलेला नवकार.

पाच दिवस तो काचेच्या पेटीत होता. त्यातच 13 तारखेला संवत्सरी आली. रुग्णालयाच्या मार्गिकेत बसून मी फोनवर सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. लेकीलाही म्हटले, जसे सगळ्यांना म्हणतात तसे. तिने मान हलवली आणि पेटीकडे पाहत राहिली.

नातू पूर्ण बरा होऊन घरी आला. आज तो शाळेत जातो, क्रिकेटपायी जेवण विसरतो. परंतु पेटीच्या काचेवर टेकलेला लेकीचा तळहात मी विसरले नाही.

ती पुन्हा गरोदर असल्याचे 2021 च्या ऑगस्टमध्ये कळले. या वेळी बाळंतपण पुण्यालाच व्हायचे होते; थोरल्याची शाळा, जावयांचा मार्केट यार्डातील सुक्यामेव्याचा व्यापार, सगळे तिकडेच. मी निवृत्त झाले होते, तेव्हा सातव्या महिन्यापासून माझ्या पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तेथील डॉक्टरबाई वयाने माझ्या लेकीहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी पहिल्याच भेटीत जुनी फाइल मागवली, आणि सुरुवातीच्या आठवड्यांतच सोनोग्राफी करून तारीख पक्की केली. पुष्कळदा 'उशीर' हा बाळाचा नसतो, पाळीच्या तारखेचा असतो. लवकरच्या सोनोग्राफीने ही चूक बरीच टळते, असे त्या म्हणाल्या. आमच्या बाबतीत दोन्ही हिशेब जुळले. तारीख 6 एप्रिल 2022.

मग त्यांनी मला विचारले, "आणि ही तुमच्या पोटी कशी जन्मली? वेळेवर?"

"अकरा दिवस उशिरा."

त्यांनी ते लिहून घेतले. जिचे एक बाळंतपण लांबले तिचे पुढचेही लांबण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त, आणि जी स्वतः उशिरा जन्मली तिच्याही बाबतीत तसेच, हे मला त्या दिवशी कळले. 1990 ची जी गोष्ट मी 2018 मध्ये निर्धास्त राहण्याचे कारण म्हणून सांगत होते, ती सावधगिरीची खूण म्हणून कागदावर गेली.

मार्च उजाडला तसे घरात तीन पक्ष पडले. विहीणबाई अतिशय धर्मशील, चौविहार कधी चुकवला नाही अशा. त्यांनी पंचांग पाहिले. 14 एप्रिलला चैत्र शुद्ध त्रयोदशी, महावीर जन्मकल्याणक. "ताई, उशीर होणारच असला आणि औषधच द्यायचे असले, तर त्या दिवशी का नको? एवढे पुण्य सहज येते आहे." मी दुसऱ्या टोकाला. 39 आठवडे भरले की लगेच भरती करा, एक दिवसही थांबू नका, असा माझा धोशा. 2018 मध्ये मुदत वाढवून मागणारी मी आता मुदतीआधीच वसुलीला निघाले होते.

आणि लेक म्हणत होती, "मला औषधच नको. या वेळी कळा आपणहून येऊ देत."

तिला वेदनांची धास्ती असावी असे मला वाटले. एका दुपारी, थोरल्याला झोपवून झाल्यावर, तिने ते सव्वीस तास मला सांगितले. साडेतीन वर्षांत प्रथमच. "पोटाला पट्टे बांधून एका कुशीवर ठेवलं होतं, मम्मी. काय घालतायत, किती वाढवतायत, कुणी सांगत नव्हतं. कळांमध्ये श्वास घ्यायला फट राहिली नव्हती. पाणी हिरवं आलं हे मला मावशीबाईंच्या तोंडून कळलं, त्या आपापसात बोलत होत्या. आणि थांबायचं कुणी ठरवलं, आत न्यायचं कुणी ठरवलं, त्यातलं काहीच मी ठरवलं नव्हतं."

मी गप्प राहिले. जे ठरवत होते त्यांत मी पहिली होते.

39 व्या आठवड्याच्या तपासणीला आम्ही दोघी आया, जावई आणि लेक, असा सगळा गोतावळा गेला. डॉक्टरबाईंनी आम्हां दोघींना नमस्कार करून बसायला सांगितले आणि आपली खुर्ची लेकीच्या समोर ओढली. त्यानंतरचा अर्धा तास त्या तिच्याशीच बोलल्या. आम्ही ऐकत होतो.

त्यांचे सांगणे असे. पहिलटकरणीच्या आणि दुसऱ्या वेळच्या कळांत फरक असतो. शरीराने वाट एकदा पाहिलेली असते, त्यामुळे औषधाने सुरू केलेल्या कळाही दुसऱ्या वेळी बहुधा कमी वेळात काम उरकतात. औषध लागेल की नाही आणि कोणते, हे गर्भाशयमुखाच्या तयारीवर ठरते. त्यासाठी एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी 1964 मध्ये गुणांची एक पद्धत दिली: मुख किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, त्याची दिशा कशी आहे, आणि बाळाचे डोके किती खाली उतरले. कर्जदाराची पत ठरवताना आम्ही असेच गुण देत असू, तेव्हा हा भाग मला चटकन समजला. 2018 च्या फाइलीत लेकीचे गुण होते तीन. आठ किंवा अधिक गुण म्हणजे शरीर तयार. तीन म्हणजे अजून कच्चे. सव्वीस तासांचा अर्थ त्या एका आकड्यात होता. (ज्यांचे आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले असेल त्यांना यांतील काही औषधे चालत नाहीत. आपल्या कुटुंबात तसे कोणी असल्यास आमच्या अनुभवावरून काही ठरवू नये.)

लेकीने विचारले, "थांबले तर किती दिवस थांबता येईल?"

"41 आठवडे पूर्ण होईपर्यंत, बाळ ठीक असेल तर, मला अडचण नाही. त्यापुढे मी थांबा म्हणणार नाही." जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही 41 पूर्ण आठवड्यांना कळा सुरू करण्याची आहे. स्वीडनमध्ये याचा मोठा अभ्यास झाला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला: 2,760 स्त्रिया, निम्म्यांना 41 आठवड्यांना औषध, निम्म्यांनी 42 पर्यंत वाट पाहायची. थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आकडा लहान आहे, हजारांत काही थोडे, असे डॉक्टरबाईंनीच बजावले. घाबरवण्यासाठी नव्हे, ठरवण्यासाठी सांगते, असेही म्हणाल्या. आयुष्यभर मी टक्केवारी वाचली आहे. पण बुडीत खात्यांच्या टक्केवारीत सहा म्हणजे सहा असतात, हे मला काचेच्या पेटीने शिकवले होते.

विहीणबाईंनी हळूच विचारले, "हे औषध जनावरापासून करतात का हो?" प्रश्न आपल्या घरातला आहे, म्हणून उत्तर येथे देते. पूर्वी तसे होते. 1906 मध्ये हेन्री डेल यांना प्राण्यांच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्कात गर्भाशय आवळण्याचा गुण आढळला, आणि पुढे अनेक वर्षे तो अर्कच वापरत. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले. 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आज सलाइनमध्ये घालतात ते रसायनशाळेतले, आणि ते कळा येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या शरीरात आपोआप तयार होणाऱ्या द्रव्याची हुबेहूब प्रत. म्हशीला टोचतात तेही हेच. विहीणबाईंचे समाधान झाले. जन्मकल्याणकाचा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही. त्या म्हणाल्या, "प्रत्येक गोष्टीला काळ परिपक्व व्हावा लागतो, असे साध्वीजी सांगतात."

लेक म्हणाली, "सासूबाई, समवाय पाच आहेत ना? काळ, स्वभाव, नियती, कर्म, आणि पुरुषार्थ. पाचवा सोडून चालेल का?"

विहीणबाई हसल्या. मला मात्र हसू आले नाही, कारण 2018 मध्ये 'काळ' हा एकच शब्द घेऊन मी सहा दिवस काढले होते.

त्या रात्री लेकीने एका कागदावर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी तो कागद डॉक्टरबाईंना दिला. 41 आठवडे पूर्ण होतात त्या दिवशी, 13 एप्रिलला सकाळी, भरती; त्यापुढे एक दिवसही नाही, 14 ही नाही. तोवर ठरल्या दिवशी ठोक्यांची तपासणी. हालचाल कमी वाटली तर त्याच क्षणी, रात्र असली तरी. कोणतेही औषध देण्याआधी त्याचे नाव आणि कारण तिला सांगायचे. कळा असह्य झाल्या तर पाठीतून देतात ते एपिड्युरल, त्याची सोय आधीच. आत फक्त नवरा. शेवटची ओळ: "दोन्ही आया बाहेर."

ती ओळ मला लागली, हे कबूल करते. विहीणबाईंनाही लागली असावी. आम्ही दोघींनी त्यावर बोलणे टाळून अळिवाचे लाडू वळले, आणि बोलण्यासारखे काही नसल्याने नको तितके वळले.

6 एप्रिल गेला. फोन सुरू झाले. या वेळी ते मी घेतले आणि प्रत्येकाला "तारीख 13 आहे" असे सांगून टाकले. 8 ला आणि 11 ला तपासणी झाली. 11 ला डॉक्टरबाईंनी लेकीची परवानगी घेऊन आतील पडदा बोटाने मोकळा केला; त्याने कधीकधी कळा आपणहून सुरू होतात. नाही झाल्या. त्या दोन रात्री मी झोपले नाही. पहाटे पाण्याच्या निमित्ताने उठून लेकीच्या खोलीपाशी थांबत असे. 12 च्या पहाटे आतून आवाज आला, "मम्मी, हलतंय ते. झोप जा."

13 तारखेला सकाळी गुण भरले सात. जेल लागणार नव्हते. साडेनऊला पाणमोट फोडली. दहा मिनिटांनी डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो. त्या म्हणाल्या, "तिने सांगायला सांगितलंय. पाणी स्वच्छ आहे."

मी खाली बसले. विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

पुढे सलाइनमधून औषध अगदी थोड्या प्रमाणात सुरू झाले. बाराच्या सुमारास कळा लागल्या, दोनला तिने एपिड्युरल मागितले आणि मिळाले. जावई मधूनमधून दारात येऊन बातमी देत होते. पाच वाजून दहा मिनिटांनी आतून रडण्याचा आवाज आला. मोठा, रागावलेला, अखंड. मुलगी. वजन 3 किलो 200 ग्रॅम.

विहीणबाईंच्या त्रयोदशीला एक दिवस उरला होता. नातीला हातात घेऊन त्या तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आदल्या दिवशी आली. उद्याच्या तयारीला कुणीतरी हवंच की."

त्या वर्षी संवत्सरी 31 ऑगस्टला होती. मी पुण्यातच होते. दुपारी प्रतिक्रमणाला निघायची घाई चालली होती. विहीणबाई पुढे गेल्या होत्या, जावई थोरल्याला घेऊन निघाले होते. मी आणि लेक, दोघीच घरात. नात माझ्या शेजारी झोपलेली. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणण्याआधी, कशाबद्दल ते एकदा तोंडाने म्हणावे, असे मी चार वर्षे मनात धरले होते.

मी सांगितले. 2018 च्या त्या आठवड्यात आमच्या शाखेत तपासणी अधिकारी बसले होते. दोन मोठ्या खात्यांच्या कागदपत्रांत त्रुटी निघत होत्या, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असताना सेवापुस्तिकेवर शेरा नको होता. 8 तारखेपर्यंत मला रजा घेता येणार नव्हती. पिकले फळ, म्हशीचे इंजेक्शन, पर्युषण, ही कारणे खोटी नव्हती. पण ती मला सोयीची होती. डॉक्टरबाईंकडून मी चार दिवस मागितले ते 8 तारीख मोजून मागितले. तपासणीचे दोन दिवस चुकले, कारण तुला घेऊन जायला मी नव्हते. तुझ्या बाळाच्या जिवावर मी माझी मुदत वाढवून घेतली.

लेक चरवळा आणि मुहपत्ती पिशवीत घालत होती. ती थांबली.

"मला माहीत होतं, मम्मी."

"कसे?"

"तू स्वयंपाकघरातून शाखेत फोनवर बोलायचीस ना. भिंत पातळ आहे आपली."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मलाही थांबायचं होतं. मी घाबरले होते. तू थांबवतेयस हे मला सोयीचं होतं." आणि माझ्यासमोर बसून, हात जोडून, तिने आधी म्हटले, "मिच्छामि दुक्कडम्." मी म्हटले. आम्हां दोघींच्याही डोळ्यांत पाणी होते.

घड्याळाकडे पाहून ती उठली. कोणी तरी एकीने घरी थांबायला हवे होते. मी थांबते म्हटले. तिने झोपलेल्या मुलीला उचलून माझ्या मांडीवर दिले, कटासणे काखेत मारले, चपला घातल्या आणि दारातून मागे वळून बजावले, "उठली तर पाणी पाजू नकोस हं. सहा महिने पाणी नाही द्यायचं."